गाडगे महाराज आणि निराश्रितांचा निवारा

महाराष्ट्रात धर्मशाळा बांधण्याची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. पुढे सरदारांनी आणि मुंबईच्या शेठ-सावकारांनी तीर्थक्षेत्री आपापल्या नावाच्या इमारती उभ्या केल्या. या सर्वांजवळ द्रव्य होते, आणि दानाने पुण्य जोडावे ही धारणाही होती. त्यांपैकी पुष्कळ इमारतींची दारे आपल्याच ज्ञातीच्या यात्रेकरूसाठी उघडत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या परंपरेत एक असा मनुष्य आला, की ज्याच्याजवळ एक फुटके मडके, हातात खराटा आणि अंगावर चिंध्या यांपलीकडे काही नव्हते. त्याला अक्षरओळख नव्हती आणि त्याच्या पाठीशी कोणतेही संस्थान नव्हते. तरीही पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी निराधारांच्या डोक्यावर छप्पर घालण्याचे जे काम त्याच्या हातून झाले, त्याला तोड मिळणे कठीण आहे. आज महाराष्ट्राच्या स्मरणात गाडगे महाराजांचा खराटा अधिक ठळकपणे राहिला आहे. सन २००० मध्ये राज्यशासनाने ग्रामस्वच्छतेच्या मोहिमेला त्यांचे नाव दिले, त्यामुळे हे चित्र पक्के झाले. खराट्यामागचा निवाऱ्याचा ध्यास त्या मानाने मागे पडला.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात, परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. झिंगराजींना दारूचे व्यसन लागले आणि हे सुख थोड्याच वर्षांत ओसरले. त्या काळी ज्ञातीच्या जेवणावळीत, बारशात, बाराव्यात दारू आणि मांस हे प्रतिष्ठेचे मानले जाई. ते न देणारा यजमान कंजूष ठरे. झिंगराजी या रिवाजाचा बळी ठरले. शेतीभाती गेली, देह खंगला आणि डेबूजी आठ वर्षांचा असताना पित्याचे निधन झाले. आई सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी, वडील हंबीरराव यांच्या आश्रयाला गेली. पुढे शेकडो कीर्तनांतून दारूवर कोरडे ओढणाऱ्या या कीर्तनकाराला त्या विषयासाठी दृष्टान्त शोधावे लागत नसत. घरधनी बाटलीच्या आहारी गेला म्हणजे बायकामुलांचे छप्पर कसे जाते, हे त्याने आठव्या वर्षी पाहिले होते.

दापुऱ्याला डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला, पूर्णेच्या पुरात पोहण्यात नाव मिळविले आणि रात्री भजनात टाळ धरला. मामा चंद्रभानजींच्या शेतावर तो राबत असे. परंतु याही घरावर आपत्ती आली, आणि ती कर्जाच्या वाटेने आली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या तेजीबरोबर सावकारी पैसा खेड्याखेड्यांत खोलवर शिरला. तेजी ओसरली, सावकार राहिला. दख्खनमधील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी सरकारने १८७९ मध्ये जो कायदा केला तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांपुरता होता. वऱ्हाडच्या कुणब्याला त्याचा आधार नव्हता. चंद्रभानजी सरळ आणि निरक्षर होते. फेडलेल्या रकमेची पावती घ्यावी लागते, एवढी साधी गोष्टही त्यांना ठाऊक नव्हती. व्याजाचे व्याज वाढत गेले आणि जमीन सावकाराच्या घशात गेली. त्या धक्क्याने मामा मरण पावले. जमिनीचा ताबा घ्यायला सावकाराची माणसे आली तेव्हा तरुण डेबूजी बांधावर उभा राहिला, आणि त्यांना परत जावे लागले. चरित्रकारांनी हा प्रसंग मोठ्या रसाने रंगविला आहे. डेबूजीच्या मनावर मात्र त्या दिवसाच्या विजयापेक्षा मामाच्या मृत्यूचा ठसा अधिक खोल उमटला असावा. कारण ऋण काढून सण करू नये, हे सांगणे त्याने जन्मभर सोडले नाही.

१८९२ साली कुंताबाईंशी त्याचा विवाह झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला ज्ञातिबांधव जमले तेव्हा डेबूजीने दारू-मटणाच्या जागी गोडाचे जेवण वाढले. पंचांनी कुरकुर केली, पण तो बधला नाही. समाजसुधारणेचा त्याचा हा पहिला प्रयोग स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या पत्रावळीवर झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजी घर सोडून निघून गेला. मागे वृद्ध आई, पत्नी आणि लहान मुले होती. संतचरित्रांत असे गृहत्याग गौरवाने वर्णिलेले असतात आणि वाचकही ते तसेच स्वीकारतो. येथे मात्र क्षणभर थबकावे लागते. पित्याच्या व्यसनाने निराधार झालेला हा मुलगा, मामाच्या कर्जाने शेत गमावलेला हा तरुण, स्वतःच्या कुटुंबाला कर्त्या पुरुषावाचून ठेवून निघाला होता. कुंताबाईंनी पुढे जे भोगले ते वैराग्याच्या तेजात झाकून टाकण्याचे कारण नाही. महाराजांच्या पुढील आयुष्यात या प्रश्नाची सावली कायम राहिली, हे यथावकाश दिसेलच.

त्यानंतरची सुमारे बारा वर्षे भ्रमंतीत गेली. डोक्यावर मडक्याचे खापर, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच, अंगावर चिंध्या जोडून शिवलेली गोधडी असा त्यांचा वेष होता. जेवताना तेच खापर पात्र होई. लोकांनी त्यांना कोठे गाडगेबाबा म्हटले, कोठे गोधडेबुवा, कोठे चिंधेबुवा. पैकी गाडगेबाबा हे नाव टिकले. कित्येक गावांत वेडा समजून पोरांनी दगड मारले, कित्येक ठिकाणी चोर समजून हाकलले. ज्याला घर नाही त्याच्याकडे गाव कोणत्या नजरेने पाहते, याचे शिक्षण या बारा वर्षांत झाले. रात्री देवळाच्या पायरीवरून पुजाऱ्याने उठविलेला, चावडीवरून पाटलाने हुसकलेला मनुष्य अखेर स्मशानाच्या वाटेला किंवा झाडाखाली जाऊन पडतो. या माणसांमध्ये महाराज त्यांच्यापैकीच एक म्हणून वावरले. उपकार करणाऱ्याच्या आणि उपकार घेणाऱ्याच्या मध्ये जी पायरी असते ती त्यांच्या बाबतीत कधी तयारच झाली नाही.

या काळात त्यांनी स्वतःशी एक शिस्त ठरवून घेतली होती. गावात शिरताच रस्ता झाडायचा, कोणाच्या अंगणात लाकडे फोडायची, चिखलात रुतलेली गाडी काढून द्यायची आणि मग भाकर मागायची. आधी काम, मागून अन्न. त्याच सुमारास युरोपातही निराश्रित पुरुषांच्या प्रश्नाचा विचार चालू होता. लंडनमध्ये विल्यम बूथ यांनी १८६५ मध्ये सुरू केलेल्या कार्यातून पुढे मुक्तिफौज उभी राहिली. तिने रात्रनिवारे काढले, स्वस्त अन्न पुरविले. तेथील सरकारी निवाऱ्यांत एका रात्रीच्या मुक्कामाबद्दल दगड फोडून घेण्याची चाल होती. तेथे काम ही निराश्रितावर लादलेली अट होती. गाडगेबाबांनी काम हा निराश्रिताचा हक्क मानला, कारण कष्ट करून खाणाऱ्याची मान ताठ राहते. भीक मागणाऱ्या धडधाकट माणसाला ते कठोर बोलत. आंधळ्या-पांगळ्याला आणि महारोग्याला मात्र स्वतःच्या हाताने घास भरवीत.

त्यांच्या कार्याला स्थिर रूप आले ते पूर्णेच्या काठी, ऋणमोचन येथे. या तीर्थात स्नान केले असता ऋणातून मुक्ती मिळते अशी लोकांची श्रद्धा आणि पौषातील रविवारी तेथे मोठी यात्रा भरते. सावकाराच्या व्याजाने ज्याचा मामा गेला, त्याने नेमके हेच स्थान निवडावे यात एक विलक्षण योग आहे. तीर्थस्नानाने कर्ज फिटत नाही, हे ते तेथेच उभे राहून सांगत. नदीचा काठ चिखलाचा होता. बायका-म्हातारी माणसे घसरून पडत. महाराजांनी एकट्याने माती वाहायला सुरुवात केली. पाहणारे आधी हसले, मग काहींनी पाट्या उचलल्या. १९०८ च्या सुमारास तेथे घाट उभा राहिला. पुढे दरवर्षी पौषातल्या यात्रेला ते कोठेही असले तरी ऋणमोचनला परतत आणि पंगूंना, अंधांना, अनाथांना अन्नवस्त्र वाटत. देवळाकडे जाणारी वाट या अपंगांच्या पंगतीवरून जाई. देव कोठे आहे हे त्यांना वेगळे सांगावे लागत नसे.

यानंतर आले पंढरपूर. आषाढी-कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो माणसे लोटतात. ज्यांची बडव्यांकडे सोय, ज्यांच्या ज्ञातीची धर्मशाळा, त्यांना छप्पर मिळे. उरलेल्यांनी पावसात वाळवंटावर रात्र काढायची आणि पटकीची साथ आली तर तेथेच डोळे मिटायचे. अस्पृश्य वारकऱ्याला तर पैसे देऊनही जागा मिळत नसे. महाराजांनी १९१७ च्या सुमारास त्यांच्यासाठी धर्मशाळा उभारण्याचे काम हाती घेतले आणि तिला चोखामेळ्याचे नाव दिले. चोखोबा हे मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचे काम करीत असता ती कोसळून, इतर मजुरांबरोबर गाडले गेले. त्यांची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे. दाराबाहेर राहिलेल्या मजूर संताचे नाव दाराबाहेर ठेवलेल्यांच्या निवाऱ्याला द्यावे, याहून समर्पक दुसरे काय असणार? विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले. चोखामेळा धर्मशाळेचे काम त्याच्या कितीतरी आधीचे आहे. मंदिराच्या दारासाठी वाट पाहत न बसता त्यांनी आधी झोपण्याच्या जागेचा प्रश्न सोडविला. स्वतः महाराज पंढरीला वर्षानुवर्षे गेले, पण दर्शनाच्या गर्दीत ते दिसत नसत. त्या वेळी ते वाळवंट झाडत असत.

पुढे पंढरपुरातच मराठा धर्मशाळेची प्रचंड वास्तू झाली. नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर येथे धर्मशाळा व सदावर्ते निघाली. या सर्वांची जंत्री देण्याचे प्रयोजन नाही. त्यामागची व्यवस्था समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे, कारण केवळ करुणेवर इमारती उभ्या राहत नाहीत.

महाराज पैशाला हात लावीत नसत. कीर्तनाला हजारोंचा समुदाय जमे. तेथे ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते उत्तरे देत आणि बघता बघता वऱ्हाडी बोलीतल्या त्या संवादातून सावकार, दारू, नवस, कोंबडे-बकरे, शिवाशिव या सर्वांचा निकाल लागे. शेवटी गोपाळाचा गजर होई. याच समुदायातून धनिक पुढे येत. त्यांना महाराज रोख रक्कम न मागता काम सांगत: अमुक खोली बांधून द्यावी, अमुक विहिरीला दगड पुरवावा. हिशेब गावातील विश्वासू व्यापाऱ्याकडे राही. बांधकामावर ते स्वतः पाट्या वाहत, त्यामुळे गवंड्याला ढिलाई करता येत नसे आणि पाहणाऱ्या बाबू-शेठजींनाही धोतर वर खोचावे लागे. इमारत पुरी झाली की तिचे विश्वस्त मंडळ नेमले जाई आणि महाराज तेथून निघून जात. मालकी नाही, गादी नाही, शिष्यपरंपरा नाही. पायांवर डोके ठेवायला आलेल्याला ते हातातली काठी दाखवीत. बुवाबाजीच्या या देशात एवढे द्रव्य ज्याच्या शब्दावर जमा झाले त्याच्या नावावर एक खणही असू नये, हे या व्यवस्थेचे मर्म होते.

आणि येथेच मघाच्या प्रश्नाकडे वळावे लागते. संस्थांच्या मिळकतीवर आपल्या नातेवाइकांचा कसलाही हक्क राहणार नाही, असा त्यांचा कटाक्ष होता. लाखोंच्या इमारती उठत असताना कुंताबाई आणि मुली साध्या झोपडीवजा घरात कष्टाने दिवस काढीत होत्या; सार्वजनिक पैशातला दाणाही त्यांच्या वाट्याला येऊ नये यावर महाराजांची कडक नजर असे. मे १९२३ मध्ये कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता एकुलता मुलगा गोविंद गेल्याची वार्ता आली, तरी कीर्तन थांबले नाही. या वृत्तीला निःस्पृहता म्हणावे की निष्ठुरता, याचा निर्णय सोपा नाही. कदाचित दोन्ही शब्द लागू पडतात. एवढे खरे, की या कठोरपणामुळेच दात्यांचा विश्वास शेवटपर्यंत ढळला नाही. आणि त्या विश्वासाची किंमत कुंताबाईंनी मोजली.

स्वातंत्र्यानंतर महाराजांचे लक्ष शहराकडे वळले. मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर त्यांचे चाहते होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी महाराजांना विलक्षण आदर होता. १९४९ मध्ये, बाबासाहेब केंद्रात विधिमंत्री असताना, महाराजांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. तेथे विद्यार्थ्यांची सोय व्हावी हा उद्देश होता. एका रात्रीच्या निवाऱ्याहून शिक्षणाचा निवारा टिकाऊ, हे त्यांना पटले होते. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेशीही त्यांचा असाच जिव्हाळा जुळला. कराडच्या महाविद्यालयाला १९५४ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. १९५२ मध्ये श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना होऊन विखुरलेल्या संस्थांना एक सूत्र मिळाले. प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्रही त्याच वर्षीचे.

मुंबईत भायखळ्याला जे. जे. रुग्णालयाजवळ १९५४ मध्ये झालेली धर्मशाळा ही या साऱ्या कार्याची परिणती म्हणावी लागेल. खेड्यातला रोगी मुंबईला येई तेव्हा त्याला खाट मिळे. बरोबर आलेल्या बापाला, भावाला, नवऱ्याला मात्र मुंबईत कोणी नसे. गाठीचे पैसे औषधाला गेलेले, गावी पेरणी खोळंबलेली. असा मनुष्य पदपथावर वळकटी पसरून आठवडे काढी, आणि अनेकदा रोगी बरा होई तोवर सोबत्यालाच अंथरूण धरावे लागे. ही माणसे भिकारी नव्हती, यात्रेकरूही नव्हती. म्हणून जुन्या धर्मशाळांच्या कोणत्याच नियमात ती बसत नव्हती. तीर्थक्षेत्रावरचा निवारा रुग्णालयाच्या दाराशी आणणे ही महाराजांची खरी नवी कल्पना. तिचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेबाहेर थंडीच्या रात्री पदपथावर झोपलेले नातेवाईक किंवा गुरुग्रामच्या चौकात पहाटे मजुरीसाठी उभे राहणारे घरदार सोडून आलेले पुरुष पाहिले, की तो प्रश्न तसाच पुढे चालत आलेला दिसतो. मुंबईत दादर येथे कर्करोगाच्या रुग्णांसाठी व त्यांच्या आप्तांसाठी महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा हाच धागा पुढे नेत आहे.

महाराजांच्या शिकवणुकीचे सार म्हणून दहा कलमांची एक यादी महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी येथून ती सुरू होते. बेघराला आसरा व बेकाराला काम ही कलमे तीत आहेत, आणि खचलेल्या, निराश झालेल्या माणसाला हिंमत देणे हेही एक कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. अन्न आणि वस्त्र यांच्या पंक्तीला हिंमत बसविणारी ही यादी कोणा अर्थशास्त्रज्ञाने केली नसती. झिंगराजी आणि चंद्रभानजी या दोघांना वेळेवर कोणी ती दिली असती, तर शेंडगावचे आणि दापुऱ्याचे घर कदाचित राहिले असते.

१९५६ साली प्रकृती ढासळली. तरी ८ नोव्हेंबरला मुंबईत वांद्रे येथे त्यांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाल्यामुळे त्यांचा आवाज आजही ऐकता येतो. ६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या निर्वाणाची वार्ता आली आणि महाराज फार व्यथित झाले. त्यानंतर दोन आठवडेच त्यांना आयुष्य लाभले. २० डिसेंबर १९५६ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास अमरावतीकडे मोटारीने येत असता, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, वाटेतच त्यांची प्राणज्योत मालवली. अमरावतीत जेथे त्यांना समाधी देण्यात आली तो भाग आता गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. तेथे वस्ती आहे, बाजार आहे, आणि वऱ्हाडच्या खेड्यांतून येणारे लोक समाधीसमोर पथारी टाकून रात्र काढतात.